घडी मोडलेला कोट

जून लागला की मला या शहरात एका जागी बसवत नाही. संध्याकाळ संपता संपत नाही. जेवण झालं, भांडी घासून झाली, खिडकीशी येऊन उभं राहावं तर बाहेर अजून लख्ख उजेड, आणि मनात उगाचच असं की आपल्याला कुठेतरी जायचं होतं आणि आपण विसरलोय. हवेत गवताचे कण असतात. नाक चोंदतं, डोळे चुरचुरतात. कामावरची माणसं म्हणतात, हे-फीवर आहे, गोळी घे. मी गोळी घेते. नाक मोकळं होतं, बाकीचं जिथल्या तिथे राहतं.

याच दिवसांत ट्यूबमध्ये, लंडनच्या भुयारी रेल्वेत, कपड्यांच्या लांब पिशव्या दिसायला लागतात. फॅशनच्या शेवटच्या वर्षाची मुलं ती. हँगरला अडकवलेली पिशवी डोक्याच्या वर धरून दाराशी उभी असतात. बोटांना चिकटपट्ट्या, बाहीला विसरलेल्या टाचण्या, डोळ्यांखाली काळं. परवा एका मुलीला जागा द्यायला मी उठले तर तिने नुसती मान हलवली. बसलं तर पिशवी दुमडेल ना! मला कळायला हवं होतं. मीही तशीच उभी असायचे, हाउन्सलोपासून पार शहराच्या मध्यापर्यंत, हात भरून आला तरी. मी एक स्टेशन आधीच उतरून चालत सुटले.

या वर्षी अस्वस्थ व्हायला एक नीट कारणही आहे. तन्वीचा व्हॉइस मेसेज.

"केतकी, ऐक ना. गिगला म्युझियमचा एक बाई आला होता. त्यांना कोट पाहिजे. लाइक, कायमचा. ग्लासमध्ये ठेवणार, खाली तुझी नाव लिहिणार. मी सांगितलं, मी विचारते, कारण कोट तुझी आहे. फ्रायडेला सांगायचं, ओके?"

तन्वी हाउन्सलोत जन्मली, तिथेच वाढली. तिच्या मराठीत बाई येतो आणि नाव लिहिली जाते, आणि आता मला ते खटकतही नाही. ती गाते, आणि गिगला, म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमाला, माझा कोट घालते. कोट मी शिवलेला, दोन वर्षांपूर्वी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या कलेक्शनसाठी. म्युझियमचा नियम असा की कपडा एकदा त्यांच्या संग्रहात गेला की पुन्हा कुणी अंगावर घालायचा नाही. कधीच नाही. भिंतीवर माझं नाव लागणार. ते मला हवंय, खोटं कशाला बोलू? फार हवंय. आणि तरीही मेसेज ऐकल्यापासून कुणीतरी घरात शिरून माझी वस्तू उचलून नेतंय असं वाटतंय.

सांगलीहून आले तेव्हा मला वाटलं होतं, लंडनची फॅशन म्हणजे रस्त्यावर नुसती झगमग असेल. बघते तर काय, सगळा देश काळ्या-निळ्या-राखाडीत! आणि जुन्यात. आपण नवंकोरं काही घातलंय हे दिसणं इथे जरा लाजिरवाणं. आपल्याकडे नव्या कपड्याचा वास दोन दिवस तरी मिरवायचा असतो. इथे कुणाच्या जॅकेटचं कौतुक करा, माणूस ओशाळून सांगतो, अगं, सेलमध्ये घेतलं, कधीचं आहे. जितका घरंदाज तितकी कोपरावर ठिगळं. पोरं चॅरिटी शॉपमधून कुणा मेलेल्या आजोबांचा कोट आणतात आणि त्यात इतकी देखणी दिसतात की राग येतो. आमच्या ट्यूटर हेलनच्या निळ्या स्वेटरला दोन्ही कोपरांवर भोकं होती. ती भोकं इतकी नेमक्या जागी होती की मला वाटायचं, तीही तिने आधी कागदावर काढून मग पाडली असावीत.

पहिल्या वर्षी मी प्रदर्शनांच्या मागे वेड्यासारखी धावले. कपड्यांची प्रदर्शनं अंधाऱ्या खोल्यांत असतात, उजेडाने रंग उडतो म्हणून. डोकं नसलेले पुतळे, त्यांच्यावर कुणा बाईने कधीतरी एखाद्याच समारंभाला घातलेला झगा, आणि काचेसमोर आम्ही सगळे देवळात असल्यासारखे कुजबुजत. बाकीचे भरतकाम बघायचे. मी मात्र वाकून काखा बघायचे. घामाचा डाग कुठे आहे? कड कुठे घासलीय? एकदा रेशमी झग्याच्या काखेत पिवळट चंद्रकोर दिसली आणि मी आनंदाने "अय्या!" म्हणाले. रखवालदार खाकरला. पण खरंच, तेवढ्या डागापुरती ती बाई मला तिथे दिसली. नाचून दमलेली, गरम होत असलेली, घरी जाऊन कधी एकदा हे उतरवते म्हणणारी. बाकी तिथे होतं ते कापड.

मी राहायचे हाउन्सलोत, तन्वीच्या आईकडे. काका गेल्यावर काकूंनी मागची लहान खोली भाड्याने द्यायला काढली होती. घर विमानांच्या रस्त्याखाली. सकाळपासून विमानं इतक्या खालून जातात की चाकं मोजावीत. हाउन्सलोची माणसं मग एक करतात. विमान आलं की वाक्य अर्ध्यावर सोडतात, तोंड तसंच उघडं ठेवून थांबतात आणि ते गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलायला लागतात. "अगं, त्या भाजीत मी..." विमान. "...गूळ घातलाच नाही." पहिल्या आठवड्यात मला हसू आवरेना. महिन्याभरात मीही थांबायला लागले, आणि गंमत म्हणजे जिथे विमानं नाहीत तिथेही.

काकू विमानतळावर कार्गोत कामाला. रोज इस्त्रीची पँट आणि वरून ते भडक पिवळं, रात्री चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट, इथे ज्याला हाय-व्हिज म्हणतात. लंडनमध्ये काळ्या-राखाडीबाहेर काही दिसलं तर ते हेच. रस्ता खोदणारे, सायकलवाले, शाळेच्या सहलीला निघालेली चिल्लीपिल्ली, सगळे यात. फॅशनच्या पुस्तकात मात्र याचं नाव नाही. मला सुचलं ते तिथूनच. बाहेरून अगदी इंग्लिश, लांब, राखाडी, सभ्य कोट. आतून अस्तर हाय-व्हिजचं. पाठीच्या चिरेत चमकती पट्टी. चालताना कोट उघडला की आतला पिवळा ओरडायला लागला पाहिजे. काकूंनी त्यांची जुनी जॅकेटं दिली. "घे बाई, मिरव. वीस वर्षं घातलीत, कुणी वळून नाही बघितलं."

वसंतभर मी तो कोट शिवत होते. राखाडी लोकर जड, अस्तर घसरडं, दोन्ही एकमेकांशी बोलायलाच तयार नाहीत. किती वेळा उसवला! काकूंच्या जेवणाच्या टेबलावर माझं कापड पसरलेलं, त्या ताट मांडीवर घेऊन जेवायच्या आणि एकदाही कुरकुरल्या नाहीत. मला तेव्हा एकच गोष्ट हवी होती. कॉलेज जूनमध्ये पत्रकारांसाठी, बड्या खरेदीदारांसाठी एक शो करतं आणि त्यात सगळ्यांना घेत नाहीत, मोजक्यांना घेतात. त्यात गेलं की नोकरी, व्हिसा, नाव, सगळ्याला वाट फुटते. नाही गेलं तर मग बघा तुमचं तुम्ही.

कोट पुरा झाला त्या दिवशी मी आईला व्हिडिओवर दाखवला. उलटा, सुलटा, पट्टी चमकवून. आई बघत राहिली. मग म्हणाली, "घडी कुणाला मोडायला दिलीस?"

आमच्या घरी नवी साडी जिची तिने आधी नेसायची नाही. जिच्यावर जीव आहे तिला द्यायची. ती नेसून मिरवून येते, साडी धुवून परत करते, मग आपली. आईच्या साड्यांच्या घड्या मावशीने मोडल्या, मावशीच्या घड्या आईने, माझ्या पहिल्या पैठणीची ताईने. यात कुणी काही समजावून सांगत नाही. भुकेल्याला ताट वाढावं इतकं ते साधं. मी म्हटलं, "आई, कोट आहे तो, हँगरवर असतो, त्याला कसली घडी!" आई म्हणाली, "नवं आहे ना?"

झालं. डोक्याला भुंगा लागला.

मी खाली जाऊन काकूंना सांगितलं. त्या उठल्या, जिन्याखालून एक मोठी बॅग ओढून काढली आणि उघडली. साड्या. नुसत्या साड्या! ठाण्याच्या त्यांच्या बहिणीने, सुधामावशींनी, दर दिवाळीला येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवलेल्या. दुकानाची घडी जशीच्या तशी. सगळ्यांत वर एक मोरपंखी, पहिली आलेली ती.

"काकू, या नेसत का नाही तुम्ही?"

"मोडणार कोण? सुधा तिकडे. आमची तन्वी पँटीतून बाहेर येत नाही. इथे माझं आहे कोण घडी मोडायला?"

"मी मोडते की," मी हसत म्हटलं.

काकू हसल्या नाहीत. मोरपंखीवरून हात फिरवला आणि बॅग मिटली. "तुझं काय गं, कोर्स संपला की जाशील."

मला लागलं ते. दोन वर्षं त्यांच्या टेबलावर पसरले होते आणि अजून मी जाणारीच! वर गेले आणि तन्वीच्या दारावर थाप मारली. कॅमडेनच्या एका पबच्या मागच्या खोलीत शनिवारी तिचं गाणं होतं, पहिलंच, नातेवाइकांच्या वाढदिवसांबाहेरचं. मी म्हटलं, "हा घालून गा."

"आर यू मॅड? मंडेला तुझी सबमिशन आहे."

"घडी मोड. नाही म्हणू नकोस."

तिला घडी काय ते कळलं नव्हतं, पण तिने कोट घातला आणि आरशात पाठ वळवून पट्टी बघितली, आणि मग ती नाही म्हणालीच नाही.

त्या खोलीत बिअरचा आणि ओल्या लाकडाचा वास होता. मागचं दार उघडं, तिथून जूनचा तो न संपणारा उजेड आत येत होता. ऐकणारे म्हणजे बहुतेक पुढच्या बँडचे मित्र. तन्वीजवळ एक कीबोर्ड, एक ठोके देणारं छोटं मशीन आणि तिची ती इंग्रजीतून मराठीत घसरणारी गाणी. तिने सुरू केलं आणि मधल्याच ओळीत थांबली. मशीन बंद, आवाज बंद, तोंड उघडं. लोकांनी ग्लास खाली ठेवले. काय झालं, विसरली की काय? आणि मग त्याच शब्दापासून ती पुढे गायला लागली. पुन्हा थांबली, पुन्हा गायली. खोली शांत होत गेली. त्यांना वाटलं ही काहीतरी नवी शैली आहे. मला एकटीला माहीत होतं की हाउन्सलोवरून विमान जातंय.

शेवटच्या गाण्यात ती गर्रकन वळली. कोट उघडला, दिवा पट्टीवर पडला आणि तो पांढरा झोत सगळ्या खोलीभर फिरला. लोक ओरडले. मी मागे भिंतीशी उभी होते आणि मला रडू फुटलं, आनंदाने, मोठ्याने, नाक पुसायलाही काही नव्हतं. माझा कोट जिवंत होता. त्यात माणूस होतं, घाम होता, गाणं होतं. आणि त्याच भरात तन्वीने स्टेजवरून उडी मारली, माइकच्या दांड्याला अस्तर अडकलं आणि काखेपासून कमरेपर्यंत टर्रकन फाटलं. खालची कड सांडलेल्या बिअरमध्ये.

घरी काकूंनी कोट दिव्याखाली धरला. "अगं, घडी मोडायला दिला होता ना? हिने तर कोटच मोडला!" तन्वी रडवेली, मी दगड. रविवारभर मी आणि काकूंनी समोरासमोर बसून तो शिवला. आत पिवळ्या दोऱ्याने टाके घातले. ते दिसत होते. दिसणारच.

सोमवारी हेलनने कोट उघडला, टाक्यांवर बोट ठेवलं, कडेचा वास घेतला. "हा कुणी घातला होता का, केतकी?"

"हो."

"हे सॅम्पल आहे, दाखवायचा नमुना. शोच्या आधी सॅम्पल कुणी घालत नाही."

मी सांगायला गेले. आमच्याकडे नव्याची घडी आधी दुसऱ्याने मोडायची असते, प्रेमाने. इंग्रजीत ते फारच बावळट वाटलं. हेलनने हँगरवरच्या कोटात घडी शोधली. "कुठली घडी?" ती वाईट नव्हती. तिला खरंच समजून घ्यायचं होतं. पण बाहेर अजून पुष्कळ मुलं रांगेत उभी होती, आणि तिच्या कोपरांवरच्या भोकांकडे बघत मी बाजूला झाले.

शोच्या यादीत माझं नाव नव्हतं. ज्यांचं नसतं ते पडद्यामागे मॉडेल्सना कपडे चढवायला असतात. मी दुसऱ्यांचे कोट धरून उभी राहिले, बाह्या सरळ करून दिल्या, बटणं लावली. बाहेर टाळ्या वाजत होत्या. मला तन्वीचा राग आला, आईचा आला, त्या मेल्या घडीचा आला. आणि सगळ्यांत जास्त याचा की पबमधली ती संध्याकाळ मला पुसून टाकावीशी वाटत नव्हती. तन्वीला म्हटलं, "कोट ठेव तुलाच. माझ्या डोळ्यांसमोर आणू नकोस."

तिने ठेवला. प्रत्येक गिगला घातला. खोल्या मोठ्या होत गेल्या, कफ झिजले, कॉलरला मेकअप लागला. मी पूर्व लंडनमध्ये एका डिझायनरकडे पॅटर्न, म्हणजे कपड्यांचे कागदी साचे, कापायच्या कामाला लागले. दुसऱ्याच्या कल्पना मी कागदावर बिनचूक उतरवते. स्वतःचं म्हणाल तर त्या जूननंतर कापडाला कात्री लावली नाही. वेळ नसतो, असं सांगते.

शुक्रवार जवळ आला तसं बसवेना. काल, रविवारी, उठले आणि पिकॅडिली लाइन पकडून हाउन्सलोला गेले. काकू नुकत्याच कामावरून आलेल्या, पिवळं जॅकेट अंगावरच. दारामागे कोट लटकत होता.

"बघ गं," त्या म्हणाल्या, "म्युझियमची बाई सांगते, धुवायचा नाही, डाग हवेत. बिअरचा भपकारा येतोय त्याला! मी रोज साबण हातात घेते आणि परत ठेवते."

तन्वी जिन्याच्या पायरीवर बसली होती. "मी पुढच्या मंथचं गिग नवं जॅकेट घालून करेन. आय डोंट माइंड. बट तू सांग. तू हो म्हण नाहीतर नो म्हण."

"मला नाव हवंय," मी म्हटलं, "आणि तो काचेतही नकोय." बोलताना आवाज चिरकला. "एकदा तिथे गेला की कुणी घालणार नाही."

"म्हणजे माझी बॅग," काकू म्हणाल्या.

आम्ही तिघी जिन्याखाली बघायला लागलो. कुणी हसलं नाही. काकूंनी चहाचा कप माझ्या हातात दिला.

"देऊन टाक," त्या म्हणाल्या. "घातलाय तो. फाटला, शिवला, घामेजला, किती गाणी झाली त्याच्यात. आता जाईना का काचेत, त्याचं काय वाईट झालं? वाईट न घालता ठेवलेल्याचं. मला विचार." मग माझ्याकडे वळल्या. "त्याचं राहू दे. तू काय शिवलंस गं दोन वर्षांत?"

"वेळच नसतो काकू..."

"काही सांगू नकोस. नवा शिव. मला. विमानतळावर थंडीत कुडकुडते मी आणि हिचे कोट म्युझियमात! आणि ऐक, या वेळी घडी मी मोडणार. या उडाणटप्पू पोरीच्या हातात द्यायचा नाही."

"ममा!" तन्वी ओरडली.

मला हसू आलं आणि हसता हसता ते धाडस झालं, जे दोन वर्षांपूर्वी गंमत म्हणून केलं होतं. या वेळी गंमत नव्हती. "आणि तुमच्या बॅगेतल्या? त्यांच्या कोण मोड..."

विमान आलं. कपातला चहा थरथरला. आम्ही तिघी थांबलो, माझं तोंड उघडंच. काकू माझ्याकडे बघत होत्या. तेवढा वेळ त्यांनी माझ्याकडे कधी बघितलं नव्हतं. विमान गेलं, खिडकीची काच शांत झाली, आणि मी माझा शब्द पुरा करायच्या आत त्याच बोलल्या.

"मोरपंखी तुला," त्या म्हणाल्या. "म्युझियमात नाव लागेल त्या दिवशी नेसून जा. आधी माझ्या कोटाचं माप घे."

टेप माझ्या पर्समध्ये असतेच, पण सापडेना. डोळ्यांत पाणी आलं की काही सापडत नाही. "हे-फीवर," तन्वी म्हणाली आणि हसायला लागली. काकू जॅकेटसकट दोन्ही हात बाजूला करून ताठ उभ्या राहिल्या होत्या.